पांडुरंगाच्या हातीचा शंख

कुंभकोणम् येथून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तिरुविडैमरुदूर मागे टाकून आडुतुरैच्या दिशेने निघाले म्हणजे कावेरीच्या परिसरात गोविंदपुरम् हे लहानसे गाव लागते. त्याचे नाव दोन कारणांनी भाविकांच्या ओठी आहे. कांची कामकोटी पीठाच्या परंपरेत एकोणसाठावे आचार्य म्हणून गणले जाणारे बोधेंद्र सरस्वती यांचे अधिष्ठान येथे आहे. नामस्मरण हाच कलियुगातील तरणोपाय, असे आयुष्यभर प्रतिपादन करून या यतिवर्यांनी 1692 साली येथेच देह ठेवला. दुसरे कारण अर्वाचीन आहे. विठ्ठल रुक्मिणी संस्थानाने एकविसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेले भव्य मंदिर आज या गावाची मुख्य ओळख होऊन बसले असून तेथे तमिळभाषी भक्त तुकोबांचे आणि नामदेवांचे अभंग त्यांच्या मूळ मराठीत गातात.

या गोष्टीचे आश्चर्य वाटावयाचे कारण नाही. बोधेंद्र समाधिस्थ झाले तेव्हा तंजावरच्या गादीवर शहाजीराजे होते. व्यंकोजीराजांनी स्थापिलेल्या भोसले राजवटीला त्या वेळी पुरती दोन दशकेही लोटली नव्हती. शहाजीराजांनी विद्वानांना दिलेला तिरुविशनल्लूरचा अग्रहार याच पंचक्रोशीत आहे, आणि पुढे 1798 साली गादीवरून दूर झालेले अमरसिंहराजे शेजारच्या तिरुविडैमरुदूर येथे येऊन राहिले. मोडी दप्तर, मराठी कीर्तन आणि समर्थ संप्रदायाचे मठ यांनी या भूमीत दीडशेहून अधिक वर्षे मुळे धरली होती. विठोबा त्याच वाटेने कावेरीच्या काठी येऊन स्थिरावला.

परंतु विठोबाबरोबर आलेल्या एका वस्तूच्या बाबतीत प्रवासाची दिशा उलट होती. पंढरपूरच्या मूर्तीचे हात कटीवर आहेत हे प्रत्येक मराठी माणूस जाणतो. त्यांपैकी डाव्या हातात शंख आहे, हे मात्र दर्शनाच्या गर्दीत पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भीमेच्या वाळवंटात शंख निपजत नाही, आणि पूजाशंखाची जी उत्तम जात आपण देव्हाऱ्यात अडणीवर ठेवतो तिची मोठी आगरे कोकणच्या किनाऱ्यावरही नाहीत. ती आहेत मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात, म्हणजे गोविंदपुरम् ज्या कावेरीच्या मुलखात वसले आहे त्याच्या दक्षिणेस; आणि दुसरीकडे काठेवाडच्या ओखामंडळात. या वस्तूचा इतिहास सांगताना आपण देव्हाऱ्यापासून आरंभ करतो आणि तेथेच थांबतो. तो समुद्राच्या तळापासून सांगितला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

शंख म्हणजे एका समुद्री गोगलगाईचे कवच. लिनियस या स्वीडिश पंडिताने 1767 साली तिला शास्त्रीय नाव दिले आणि आज ती टर्बिनेला पायरम या नावाने ओळखली जाते. देवाच्या हाती विराजणाऱ्या या कवचाचा मूळ धनी शाकाहारी नाही. तो शिकारी आहे. समुद्रतळाच्या मऊ वाळूत तो संथपणे सरकत असतो आणि वाळूत दडलेल्या लांब कृमींना आपल्या सोंडेने गाठून खातो. जिवंतपणी त्याचे कवच शुभ्रही दिसत नाही. त्यावर तपकिरी, मखमली त्वचेचे आवरण असते आणि ते खरवडून काढल्यावरच आतला पांढरा, चिनी मातीच्या भांड्याप्रमाणे तुकतुकीत थर प्रकट होतो. या जीवात नर आणि मादी वेगवेगळे असतात. मादी वाळूत रोवून ठेवते ती अंड्यांची कोशमाला मेंढ्याच्या पिळदार शिंगाच्या आकाराची असून तिच्यात एकापुढे एक कप्पे असतात. पिले या कप्प्यांतच वाढतात, तेथेच त्यांना कवच फुटते आणि बाहेर पडताच ती वाळूवर चालू लागतात. इतर अनेक शिंपल्यांची पिले प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात, तशी ही जात नाहीत. ज्या तळावर ती जन्मली त्याच्या आसपासच त्यांचे आयुष्य सरते. म्हणूनच एखादे आगर पुरते उपसले गेले तर ते बाहेरून लवकर भरून येण्याची आशा थोडी. शंखाच्या धंद्याचे सारे अर्थकारण आणि त्याची सारी नीती या एका जैविक गोष्टीवर उभी आहे.

या धंद्याचे प्राचीनत्व विलक्षण आहे. सिंधुसंस्कृतीच्या काळी, म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, कच्छच्या आखातालगत नागेश्वर येथे शंख कापून कंकणे, पळ्या आणि जडावाचे तुकडे करण्याचे मोठे कारखाने होते. आपल्या महाराष्ट्रात नेवासे आणि इनामगाव येथील उत्खननांत शंखाच्या बांगड्या सापडल्या आहेत. समुद्र कधी न पाहिलेल्या स्त्रियांच्या मनगटांवरही समुद्राची ही देणगी पोचली होती, याची ही साक्ष होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर शंख हा राज्याच्या उत्पन्नाचा विषय आहे. शंख, हिरे, रत्ने, मोती व पोवळे यांच्या कारखान्यांची व्यवस्था खाणींच्या अध्यक्षाकडे सोपविलेली असून, शंख आणि मोती काढणाऱ्यांनी सरकारी नौका वापरली तर तिचे भाडे द्यावे, नाही तर स्वतःच्या नौकेने जावे, असा नियमही तेथे आहे. पुढे दोन हजार वर्षांत राजे बदलले, धर्म बदलले, नाण्यांवरचे मुखवटे बदलले; परंतु शंखावर राज्यसत्तेचा हक्क आहे ही कल्पना या किनाऱ्यावर अबाधित राहिली.

तमिळ देशात या व्यवसायाचे केंद्र पांड्यांचे बंदर कोर्कै हे होते. ताम्रपर्णीच्या गाळाने समुद्र मागे सरला आणि ते बंदर आज शेतांच्या मधोमध एक खेडे होऊन राहिले आहे. तेथील जमिनीत करवतीने कापलेल्या शंखांचे तुकडे मिळाले आहेत. संघम् काळातील अकनानूरु या संग्रहात यज्ञकर्म सोडून करवतीने शंख कापणाऱ्या ब्राह्मणाचा उल्लेख येतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने या भागातील बंदरांची जी टिपणे ठेवली, त्यांत मारल्लो येथून शंखांची निर्यात होत असल्याची नोंद आहे. त्या काळी तमिळ स्त्रिया शंखाची वलये घालीत असत. ती चाल पुढे तमिळ देशातून जवळजवळ नाहीशी झाली. बंगालात मात्र तीच चाल सौभाग्याचे अढळ लक्षण ठरली, आणि त्यामुळे या दक्षिण किनाऱ्याचे भाग्य शेकडो कोस दूरच्या गंगामुखाशी बांधले गेले.

शंख काढणारे लोक प्रामुख्याने दोन समाजांचे. तुतुकुडीचे परवर आणि कीळक्करैचे मुसलमान पाणबुडे. परवर समाजाने 1530 च्या दशकात पोर्तुगीजांच्या आश्रयाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि 1542 मध्ये फ्रान्सिस झेवियर त्यांच्यात येऊन राहिला. वैष्णवांच्या मुख्य आयुधांपैकी एक, आणि तेही ख्रिस्ती व मुसलमान हातांनी समुद्रतळातून वर आणलेले, हे या व्यवसायाचे चार-पाचशे वर्षांचे नित्याचे वास्तव आहे. ज्या पवित्र वस्तूवर आपण तुळशीपत्र ठेवतो तिच्या मागे किती धर्मांच्या माणसांचे श्वास कोंडले गेले, याची जाणीव ठेवणे हे पूजेचेच एक अंग मानले पाहिजे.

पाणबुड्यांचे ज्ञान पोथीतले नव्हते, पण ते अचूक होते. वाळूचा पोत, पाण्याची स्वच्छता, वाऱ्याची दिशा यांवरून ते आगराचा अंदाज बांधीत. समुद्र शांत आणि पाणी नितळ असते असे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे महिने हा त्यांचा हंगाम. तळाच्या एका प्रकारच्या बारीक वाळूला ते ‘पूच्चि मणल’, म्हणजे किड्यांची वाळू, म्हणत. कारण जेथे कृमी पुष्कळ तेथे शंख पुष्कळ, हे त्यांना पिढ्यानुपिढ्या ठाऊक होते. शंख हा शिकारी आहे आणि आपल्या भक्ष्याच्या मागे जातो, हे प्राणिशास्त्राने ग्रंथात लिहिण्यापूर्वी त्यांच्या व्यवहारात उतरलेले होते. मोत्यांच्या मोहिमांचा गाजावाजा फार, परंतु मोती देणारे कालव वर्षानुवर्षे दगा देत. एक मोहीम झाली की पुढची केव्हा होईल याचा नेम नसे. तुतुकुडीची शेवटची मोठी मोती-मोहीम 1955 ते 1961 या काळात झाली आणि त्यानंतर तो अध्याय मिटला. पाणबुड्याच्या घरची चूल पेटती ठेवली ती शंखाने. त्याच्या आधारावरच हे पाणबुडे आपली विद्या टिकवून राहिले.

सत्तांतरांची हकीकत थोडक्यात सांगता येते. पोर्तुगीजांकडून 1658 साली तुतुकुडी डचांनी घेतली, आणि डचांनंतर इंग्रज आले. मोती आणि शंख यांवरील हक्क प्रत्येकाने आपल्या ताब्यात ठेवला. कधी खात्यामार्फत माल काढला, कधी इजाऱ्याने मक्तेदारास दिला. रामनाडच्या सेतुपतींचा आपल्या किनाऱ्यावरील शंखांवर स्वतंत्र हक्क होता. तंजावरचा किनारा या साखळीचा उत्तरेकडील दुवा. अदिरामपट्टिणम्, मल्लिपट्टिणम् ही त्याची बंदरे पाल्कच्या उथळ उपसागराकडे तोंड करून उभी आहेत आणि तेथेही शंख मिळतो. 1799 च्या तहाने सरफोजीराजांनी मुलकी कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. तेव्हा भूमीबरोबर किनाऱ्याचा महसूलही मराठ्यांच्या दप्तरातून कंपनीच्या दप्तरात गेला. सत्ता गेली तरी समुद्राविषयीचे कुतूहल राजांच्या ठायी शिल्लक होते. मल्लिपट्टिणम्जवळ 1814-15 च्या सुमारास त्यांनी बांधलेला मनोरा आजही पाल्कच्या पाण्यावर नजर ठेवून उभा आहे. तंजावर राज्याच्याच किनाऱ्यावर तरंगमबाडी येथे 1620 पासून डेन्मार्कची वसाहत होती. तेथील मिशनरी क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन यांच्या शंखशिंपल्यांच्या संग्रहातून युरोपच्या अभ्यासकांना कोरोमंडलच्या कवचांचा परिचय झाला. तंजावरच्या भूमीवर भक्ताचा शंख आणि शास्त्रज्ञाचा शंख अशा रीतीने एकाच काळात शेजारी नांदले.

मराठी मुलखात हा शंख कोणत्या मार्गाने गेला, याचा एक स्पष्ट धागा रामेश्वरच्या यात्रेत आहे. काशी आणि रामेश्वर ही जोडयात्रा मराठी गृहस्थाच्या आयुष्याचे साफल्य मानली जाई. दक्षिणेकडे जाणारा यात्रेकरू तंजावर राज्यातून पुढे सरके, आणि त्याच्यासाठी भोसल्यांनी वाटेवर अन्नछत्रे घातली. ओरत्तनाडचे मुक्तांबा छत्र 1802 साली सरफोजीराजांनी उभारले, ते याच वाटेवर. रामेश्वरी शंखांचा बाजार नित्याचा. यात्रेकरूच्या गाठोड्यात तेथील वाळूबरोबर शंखही घरी येई, आणि गावोगावच्या देव्हाऱ्यांत मन्नारच्या समुद्राचा एक अंश स्थानापन्न होई.

परंतु संख्येने पाहता शंखांचा मोठा प्रवाह पूजेसाठी वाहतच नव्हता. तो बंगालकडे जात होता. गोव्यात राहून 1563 साली आपला ग्रंथ छापणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने शंख हा बंगालच्या बाजारासाठीचा माल असल्याचे आणि पूर्वी त्यात अधिक नफा होता असे नमूद केले आहे. टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानेही सतराव्या शतकात डाक्का व पाटणा येथील कंकणकारांची दखल घेतली. डाक्क्याच्या शांखारी बाजारात आणि विष्णुपुरात कारागीर जमिनीवर बसून, पायाच्या आधाराने शंख रोवून, अर्धचंद्राकृती जड करवतीने त्याची एकेक चकती काढीत. कवच दगडासारखे कठीण, म्हणून करवतीला वारंवार धार द्यावी लागे, आणि शंखाची पूड श्वासात जाऊन कारागिराच्या छातीची हानी करी. बाजारात तितकुटी, पट्टी, रामेश्वरी, सुरती अशा जाती ओळखल्या जात. म्हणजे बंगाली कारागिराच्या तोंडी तमिळ आणि गुजराती बंदरांचा भूगोल वावरत होता. 1947 च्या फाळणीनंतर अनेक शांखारी कुटुंबे कलकत्त्याकडे गेली, तरी दक्षिणेचा शंख त्यांच्या मागोमाग गेला आणि आजही बंगाली नववधूच्या हातातील पांढरे ‘शाँखा’ बहुधा याच किनाऱ्याची देणगी असते.

या कथेचे दुसरे टोकही मराठी राज्यात होते. द्वारकेजवळचे शंखोद्धार बेट आणि ओखामंडळ हा मुलूख 1817 साली बडोद्याच्या गायकवाडांकडे आला. भागवतात श्रीकृष्णाने सांदीपनी ऋषींच्या पुत्राच्या शोधात समुद्रात शिरून पंचजन नावाच्या असुराला मारले आणि त्याच्यापासून पांचजन्य मिळविला अशी कथा आहे. शंखोद्धार बेटाचे माहात्म्यही शंखासुराच्या वधाशी जोडलेले आहे. पुराणकारांनी शंखाचा मूळ धनी असुर मानला यात एक गहन जाण दिसते. कवच मंगल असले तरी त्यातील जीव हिंस्र होता हे त्यांना विसरावयाचे नव्हते. ओखामंडळात पाण्यात बुडी मारण्याचे कारण पडत नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरून शंख हाताने वेचले जातात. सयाजीराव महाराजांच्या दरबाराने या सागरी संपत्तीची शास्त्रीय पाहणी जेम्स हॉर्नेल या इंग्रज तज्ज्ञाकडून करविली आणि तिचा अहवाल 1909 साली प्रसिद्ध झाला. याच हॉर्नेलने मद्रासच्या मत्स्यखात्यात काम करीत असता 1914 साली भारतीय शंखावर जो ग्रंथ लिहिला तो आजही या विषयाचा आधारस्तंभ आहे. भोसल्यांचे तंजावर आणि गायकवाडांचे बडोदे अशी दोन मराठी राज्ये भारताच्या दोन शंखभूमींवर नांदली, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांनी फारशी उच्चारलेली नाही. ती उच्चारावयास हवी.

दक्षिणावर्ती शंखाविषयी दोन शब्द लिहिणे येथे कर्तव्य आहे, कारण त्याच्या नावाने भाविकांची फार फसवणूक होते. शास्त्रज्ञ शंखाचे निमुळते शिखर वर धरून पाहतात, तर आपण पूजेत त्याची चोच वर धरतो. त्यामुळे एकाच शंखाची डावी-उजवी बाजू दोन्ही परंपरांत उलट पडते. सामान्य शंख आपल्या गणनेने वामावर्ती. त्याच जातीत लक्षावधींमध्ये एखादाच जीव जन्मतः उलट वळणाचा निघतो. तो दक्षिणावर्ती, आणि तमिळांचा ‘वलंपुरी’. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मात्र एका वेगळ्या शिकारी गोगलगाईची सारी जातच स्वभावतः त्या वळणाची आहे, आणि तिची स्वस्त कवचे वलंपुरी म्हणून येथे विकली जातात. ओळख सोपी आहे. खऱ्या शंखाच्या मुखातून आत पाहिले असता मधल्या खांबावर तीन-चार स्पष्ट वळ्या दिसतात. परदेशी कवचात त्या नसतात. श्रद्धेला ज्ञानाची जोड मिळाली की तिचे मोल वाढते, घटत नाही.

शंखाच्या धर्मोपयोगातही प्रांतभेद आहे. महाराष्ट्रात शिवाला शंखोदक घालीत नाहीत. तमिळ देशात कार्तिकातील सोमवारी शिवालयांत एकशे आठ किंवा एक हजार आठ शंखांतील जलाने शिवाला अभिषेक होतो. आपल्या धूपात पडणारा सुगंधी नखला हीसुद्धा अशाच समुद्री गोगलगाईंच्या मुखावरील झाकणांची देणगी आहे. म्हणजे देवघरात ध्वनी, जल आणि सुगंध या तिन्ही रूपांनी समुद्रतळाचे हे शिकारी जीव उपस्थित आहेत.

आणि आता वर्तमान. स्वातंत्र्यानंतर मद्रास सरकारने शंखाचा मक्ता आपल्या खात्याकडे ठेवला. लाकडी मापाच्या छिद्रातून निसटणारा, सुमारे 57 मिलिमीटरांहून कमी व्यासाचा शंख जिवंत समुद्रात परत सोडण्याची जुनी पद्धत त्याने चालू ठेवली. पाणबुडा एका श्वासात एकेक शंख पाहून उचलीत होता तोवर ही पद्धत पाळणे शक्य होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तळ खरवडीत जाणारी यांत्रिक जाळी आली. तिच्यात लहानमोठा, नरमादी, कोशमालेसह सारा संसार वर येऊ लागला. मन्नारच्या आखातात 1986 साली सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यातील बेटांना संरक्षण मिळाले; पण शंखाचा तळ उद्यानाच्या सीमेबाहेरही पसरलेला आहे, आणि तेथे माप लावणारा हात आता सर्वत्र नाही.

ज्या परंपरेने शंखाला देवाच्या हाती दिले, तिच्यावर त्याच्या जन्मभूमीचे ऋण आहे. हे ऋण फेडण्याचे साधन नवे शोधावे लागत नाही. कौटिल्याने शंखाची व्यवस्था राज्याकडे सोपविली, परवरांनी वाळू ओळखली, खात्याने माप ठरविले. या तिन्ही गोष्टी आपल्या हाताशी आहेत. मंदिरांनी, यात्रास्थानांच्या व्यापाऱ्यांनी आणि घरोघरच्या गृहस्थांनी शंख घेताना तो पूर्ण वाढीचा आहे की नाही एवढे विचारले, आणि घरात वडिलोपार्जित शंख असता नवा घेण्याचा मोह टाळला, तर मागणीचे ओझे हलके होईल. कार्तिकातील सहस्र शंखांचा अभिषेक करणाऱ्या देवस्थानांनी तेच शंख पिढ्यानुपिढ्या जपावेत, कारण शंख झिजत नाही. गोविंदपुरम्च्या मंदिरासारखी जी स्थाने मराठी भक्ती आणि तमिळ भूमी यांचा संगम आहेत, त्यांनी या कामी पुढाकार घेणे विशेष शोभेल. विठोबाच्या हाती शंख देणाऱ्या समुद्राच्या ती सर्वांत जवळ आहेत, आणि अभंगांची मराठी ज्यांनी परक्या मुलखात तीनशे वर्षे जिवंत ठेवली त्यांना एका मुक्या जीवाची वंशवेल जिवंत ठेवणे अवघड नाही.